वरच्या मजल्यावरच्या सिस्टर काकूंना, थँक्यू

सिस्टर काकू, असं जाहीर पत्र तुम्हाला आवडेल की नाही माहीत नाही, पण तोंडावर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय संपवता, त्यामुळे लिहितेच. नाव टाकत नाहीये, तुमचंही नाही आणि माझंही नाही, बिल्डिंगमधल्यांना अंदाज बांधायचा असेल तर खुशाल बांधू दे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काकू सरकारी दवाखान्यात लेबर रूमला सिस्टर होत्या, आता रिटायर झाल्यात. माझं पोरगं दीड वर्षाचं होतं तेव्हा परत दिवस गेले, आम्हा दोघांनाही आत्ता नको होतं, रीतसर डॉक्टरांकडे गेलो, सोनोग्राफीत सात आठवडे आले आणि गर्भपाताच्या गोळ्या मिळाल्या. पहिली तिथेच घेतली, पुढच्या चार गोळ्या दोन दिवसांनंतर घरी घ्यायच्या होत्या. नवरा सेकंड शिफ्टला, सासूबाई गावाला, आणि हातात एक इंग्लिश कागद ज्यावर लिहिलंय की ब्लीडिंग जास्त झालं तर या. जास्त म्हणजे किती ते कुठेच नाही! संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या, हुडहुडी भरली, जुलाब, आणि अंगावरून जायला लागलं ते बघून माझे हातपाय गार पडले, मग तुम्हाला फोन.

तुम्ही खाली आलात आणि पहिलं काय मागितलंत तर सोनोग्राफीचा रिपोर्ट. मला तेव्हा रागच आला होता, मी इथे मरतेय आणि ह्यांना कागद बघायचेत. नंतर समजावलंत की गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत नाही ना, हे आधी बघायचं, कारण नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि वरून ब्लीडिंग थोडंच दिसलं तरी आत नळी फुटू शकते. एका बाजूला जोरात दुखणं, खांदा दुखणं, चक्कर, असं काही असेल तर पॅड मोजत बसायचंच नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

मग तुम्ही बाथरूमच्या दारात प्लॅस्टिकचं स्टूल टाकून बसलात, मांडीवर कॅलेंडरचं फाडलेलं पान, हातात माझ्या पोराचा जाड खडू कारण पेन सापडेना. प्रत्येक पॅडला टाइम. "दाखव" म्हणायचात, मोबाईलचा टॉर्च मारून बघायचात, तोंड वाकडं न करता, आणि "हा अर्धा धर" म्हणून अर्ध्याची खूण. मोठा पॅड मागपासून पुढपर्यंत पूर्ण भिजला तरच एक. तासाला असे दोन, आणि ते पण सलग दोन तास, तर निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. लिंबाहून मोठ्या गाठी पडत राहिल्या तरी निघायचं. माझं पहिल्या तासाला दीड झालं, पुढच्या तासाला एक, त्याच्या पुढे उतरतच गेलं आणि रात्री जेवण झाल्यावर तर तुम्ही सिरीयल लावून बसलात. थंडी-ताप त्या दिवशी गोळ्यांमुळे येतो, काही तासांत जातो, पण दुसऱ्या दिवशीनंतर ताप आला तर तो वेगळा, हे पण तेव्हाच सांगितलंत. आणि उलटं पण, की गोळ्या घेऊन चोवीस तासांत काहीच गेलं नाही तरी डॉक्टरांना कळवायचं, त्याच्याकडे बायका लक्षच देत नाहीत म्हणे.

खरं थँक्यू मात्र त्याच्या पुढच्यासाठी आहे. दोन आठवडे थोडं थोडं जातं, कधी महिनाभर डाग दिसतात, हे माहीत होतं म्हणून मी निवांत होते. दुसऱ्या आठवड्यात कमी होत आलेलं अचानक वाढलं, घाण वास, कणकण, आणि मी क्रोसिन घेऊन ऑफिसला निघालेले. तुम्ही जिन्यात गाठलंत, हात लावून बघितलात, "दुखणं अंगावर काढायची काही गरज नाही, रिक्षा बोलव". लेबर रूममधल्या तुमच्या गोष्टी रिक्षात ऐकल्या, घरी कळेल म्हणून चार-चार दिवस कापड बांधून बसलेल्या बायका आणि पांढऱ्या फट्ट पडल्यावर आणलेल्या.

हॉस्पिटलच्या काउंटरवर (नाव नाही घेत) ती मुलगी नवऱ्याची सही मागत होती. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "अठराच्या वरची आहे, तिची सही चालते, गर्भपाताचा कायदा 1971 पासून आहे बाळा." नवरा सही करायला पंधरा मिनिटांत आलाही असता, पण तुम्ही थांबलाच नाहीत. आत जाताना मला बजावलंत, डॉक्टरांना खरं सांग, कुठल्या गोळ्या, कधी घेतल्या, पाकीट दाखव, आपोआप पडलं वगैरे काही सांगू नकोस, त्यांना उपचार करायला सोपं जातं. सोनोग्राफीत थोडं राहिलेलं निघालं, व्हॅक्यूमने पिशवी साफ केली, अँटिबायोटिक दिलं, एचबी साडेआठ म्हणून लोहाच्या गोळ्या. संध्याकाळी घरी. एवढंच होतं, आणि मी ते क्रोसिनवर दाबत होते.

बाकी छोट्या गोष्टी तर किती. प्रेग्नन्सी किट आणून लगेच टेस्ट करू नकोस, तीन-चार आठवडे उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि तू रडत बसशील. पुढची पाळी यायच्या आधीच परत दिवस राहू शकतात, तेव्हा तांबीचं बोलून घे (घेतली बसवून). आणि एकदाही "का गं, दुसरं असू दे की" म्हणाला नाहीत, जे बाकी सगळे म्हणाले असते, माझी आई धरून.

ते खडूने लिहिलेलं कॅलेंडरचं पान मी फोटो काढून ठेवलंय. मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एका मुलीला पाठवलं, लग्न झालेलं नाही म्हणून ती कुठे जायलाच घाबरत होती, तिला सांगितलं की 2021 च्या बदलानंतर कायद्यात नवराच पाहिजे असं नाहीये आणि डॉक्टरांना नाव गुप्त ठेवावं लागतं. तिचं सगळं व्यवस्थित झालं. ती तुम्हाला भेटायचं म्हणतेय, रविवारी घेऊन येऊ का? चहा मी टाकते.