समुद्रपक्ष्याला लाटेत ढकलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ३ वर ‘पर्यटकांकडून सीगलला जीवदान’ असा फोटो आहे. दोन तरुण गुडघाभर पाण्यात उभे राहून पक्ष्याला लाटेत सोडताहेत. फोटो पाहिल्यापासून जिवाला चैन नाही. मुलांनी केलं ते चांगल्या मनानं केलं, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो कुणाला न विचारता हे छापणाऱ्यांवर. त्या पक्ष्याच्या पायाची चारही बोटं पडद्यानं जोडलेली फोटोत स्वच्छ दिसतात. सीगलची, म्हणजे आपल्या कुरवाची, पुढची तीनच जोडलेली असतात. तो मास्क्ड बूबी आहे. भर समुद्रात हिंडणारा आणि दूरच्या बेटांवर अंडी घालणारा हा पक्षी पावसाळी वाऱ्यात भरकटतो आणि उपाशीपोटी किनाऱ्याला लागतो. तो वाळूत येऊन बसला म्हणजे त्याच्या अंगात काही उरलेलं नाही असंच समजायचं. अशाला परत लाटेत ढकलायचं म्हणजे बुडवायचं, आणि आपण त्याला जीवदान म्हटलंत.

काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात आमच्या पुळणीवर असाच एक आला होता. मासेमारीची बंदी चालू होती, होड्या वर ओढलेल्या. पोरांनी त्याला दोनदा पाण्यात नेऊन सोडला, दोन्ही वेळा लाटेनं आणून टाकला. तिसऱ्यांदा नेऊ लागली तेव्हा मी ओरडले आणि माशांच्या पाटीत गोणपाट घालून त्याला घरी आणला. अंग पांढरंशुभ्र, चोचीभोवती काळा मुखवटा, डोळा पिवळा. थोड्या थोड्या वेळानं मान झटकायचा आणि चोचीच्या टोकावरून पाण्याचा थेंब पडायचा. मला वाटलं, सर्दी झाली. समुद्रातून पोटात गेलेलं जादा मीठ हे पक्षी असं बाहेर टाकतात, हे मागाहून कळलं. एक पंख मात्र काही केल्या उघडेना. पिसं बाजूला केली तर आत तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा. दोन वेढे कातडीत रुतून पार हाडाला टेकले होते. नखं कापायच्या कात्रीनं एकेक वेढा तोडला, हळद लावली. ज्या कार्यालयात फोन केला तिथून उत्तर आलं, ‘पक्षीच ना बाई, द्या समुद्रात सोडून.’ वनविभागाचा १९२६ हा नंबर तेव्हा मला ठाऊक नव्हता. पहाटे तो गेला.

मी रापणकराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या घरातली आहे. जाळी वाईट, मच्छीमार वाईट असं मी म्हणणार नाही आणि कुणी म्हटलं तर ऐकूनही घेणार नाही. पण फाटलेलं तंगुसाचं जाळं समुद्रात टाकलं की ते कुजत नाही, वर्षानुवर्षं मारत राहतं. सांगितलं की आपला माणूस ऐकतो, हे याच किनाऱ्यावर दिसलं आहे. २०१८ च्या अखेरीस कांदळवन कक्ष आणि मत्स्यविभागानं योजना काढली. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क आला तर जाळं कापून त्याला सोडा, फोटो पाठवा, २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्या. आमच्याकडच्या लोकांनी जाळी कापली. मग समुद्रपक्ष्यांसाठी एवढी धडपड का होत नाही? किती अडकतात, कुठल्या जाळ्यात, कुठल्या महिन्यात, याची साधी वही प्रत्येक बंदरावर का नसावी?

आफ्रिकेतल्या नामिबियानं मोजदादीपासूनच सुरुवात केली. तिथल्या बोटी लांब दोरीला गळ लावून सोडतात, आमिषावर झडप घालणारे अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी गळाला लागून बुडतात. बोटींवर माणसं बसवून आधी मेलेले पक्षी मोजले. मग २०१५ साली बोटीमागे रंगीत फिती लावलेली दोरी सोडायची सक्ती केली. त्या फितींना पक्षी बिचकतात, गळाजवळ येत नाहीत. या बोटींवर मरणारे पक्षी ९८ टक्क्यांनी कमी झाले. वॉल्विस बे गावच्या बायका या दोऱ्या बनवतात, त्यांच्या हाताला कामही मिळालं. आमच्याकडे गळांपेक्षा जाळी जास्त, म्हणजे उपाय वेगळा लागेल. पण मोजल्याशिवाय तो सापडणार कसा? आणि हे पक्षी सगळेच लांबचे पाहुणे नव्हेत. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर सुरय (टर्न) पक्षी दरवर्षी अंडी घालतात. लक्षद्वीपला पिट्टी बेटाभोवती खास सागरी पक्ष्यांसाठी २०२० साली राखीव क्षेत्र झालं, मग आमच्या खडकांचा विचार कधी?

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. आपल्या पर्यटन पुरवणीत कुरवांना लाँचमधून शेव टाकण्याची ‘मजा’ दोनदा छापून आली आहे. तपकिरी डोक्याचा कुरव लडाखकडून हिवाळा काढायला इथं येतो, त्याचं अन्न समुद्रात आहे. त्याला तेलकट-खारट शेव घालायला आपल्या वर्तमानपत्रानं तरी सांगू नये.

कालच्या फोटोचा खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा आणि सोबत १९२६ हा नंबर द्यावा. पक्षी दिसला तर खोक्यात, अंधारात, कोरड्या कापडावर ठेवा, पाणी पाजू नका आणि फोन करा, एवढं लिहिलंत तरी चालेल. त्या पंखातून काढलेला तंगूस मी काडेपेटीत जपून ठेवला आहे, वीतभर आहे. आपल्या वार्ताहराला फोटो काढायचा असेल तर त्यानं खुशाल घरी यावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. मालवण