शालेय आरोग्य तपासणीत जन्माचे आठवडेही विचारावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाप्रवेशाच्या अर्जात जन्मतारखेपासून आधार क्रमांकापर्यंत सारे काही विचारले जाते. मूल पूर्ण दिवसांचे होते की अपुऱ्या दिवसांचे, हे मात्र कोणी विचारत नाही. मैदानावर एका फेरीतच धाप लागणाऱ्या मुलाला आम्ही क्रीडाशिक्षक चटकन ‘आळशी’ ठरवून मोकळे होतो. आईला विचारले, तर ‘सातव्या महिन्यातच झाला, पेटीत ठेवला होता’ असे उत्तर कधीकधी मिळते.

या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो. फुप्फुसातील वायुकोश प्रामुख्याने गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार होतात. बाळ त्याआधीच जन्माला आले आणि त्याला व्हेंटिलेटर व जादा प्राणवायू द्यावा लागला (जीव वाचवण्यासाठी तो द्यावाच लागतो), तर वायुकोशांची वाढ खुंटते व श्वासनलिका अरुंद राहू शकतात. ब्रिटन व आयर्लंडमध्ये १९९५ साली गर्भारपणाचे २६ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या मुलांचा संशोधकांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला, तेव्हा अकराव्या आणि पुन्हा एकोणिसाव्या वर्षीही त्यांची श्वसनक्षमता समवयस्कांपेक्षा कमी आढळली. फुप्फुसांची ताकद साधारण विशी-पंचविशीत शिखर गाठते व पुढे उतरत जाते; ज्यांचे शिखरच बुटके, त्यांना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट विकार) लवकर गाठण्याचा धोका अधिक असतो. सगळीच अपुऱ्या दिवसांची मुले अशी नसतात. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्यांकडे मात्र विशेष लक्ष हवे.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तर अनेक घरांत आई विड्या वळते, शेजारी यंत्रमागाची कापूसधूळ उडते आणि घरातलेच कोणी विडी ओढते. मुळात अशक्त फुप्फुसांवर हा दुहेरी भार आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीसाठी येतातच. त्यांच्या नोंदीत ‘किती आठवड्यांचे, किती दिवस प्राणवायूवर’ एवढा एकच रकाना वाढवावा आणि अशा मुलांची सहाव्या वर्षानंतर स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी) शासकीय रुग्णालयात मोफत करून द्यावी, अशी जिल्हा परिषद व महापालिकेच्या आरोग्य विभागांना विनंती आहे. या मुलांच्या श्वासनलिकांतील अडथळा नेहमीच ॲलर्जीच्या दम्याचा नसतो, त्यामुळे दम्याचा पंप प्रत्येकाला सारखाच लागू पडेल असे नाही. डॉक्टरांना जन्माची ही माहिती मिळाली, तर उपचार ठरवणे सोपे जाईल.

पालक अनेकदा ‘खेळातून सूट द्यावी’ अशी चिठ्ठी आणतात. डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली नसेल, तर शाळांनी ती सरसकट मान्य करू नये. बसून राहिल्याने उरलासुरला दमही जातो; अशा मुलाला त्याच्या गतीने, मध्ये थांबत, पण रोज पळू द्यावे आणि त्याची वेळ इतरांच्या वेळेशी ताडून पाहू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
सोलापूर