‘मान्यता कुणाची?’ असं विचारायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सादर नमस्कार.

हे सगळं फोनवर बोलायला गेले असते, तर तुम्ही ‘बरं बरं, परीक्षेचं काय झालं ते सांग’ म्हणून विषय बदलला असता. म्हणून उघड पत्र लिहिते आहे. अमेरिकेत थेरप्यूटिक रिक्रिएशनची, म्हणजे खेळ, छंद, बागकाम यांतून रुग्णाला सावरणाऱ्या उपचाराची, पदवी घ्यावी असं वाटणाऱ्या मराठी मुलामुलींना विचारायला माणूस सापडत नाही. मला तुम्ही सापडलात.

माहितीपत्रकावर ‘मान्यताप्राप्त’ दिसलं की आपण निर्धास्त होतो. तुमचा पहिला प्रश्न होता, ‘मान्यता कुणाची?’ मग तुम्ही दोन घराणी समजावून सांगितलीत. कोआप्रट ही उद्यानं, मनोरंजन, पर्यटन या सगळ्याच अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद, आणि आपला विषय त्यातली एक शाखा. कार्टे मात्र 2010 साली आरोग्यक्षेत्रातल्या काहेप या आयोगाच्या छत्राखाली उभी राहिलेली, फक्त रिक्रिएशनल थेरपीची, म्हणजे आपल्याच विषयाची. एवढ्याशा व्यवसायाला दोन-दोन मान्यता कशाला, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही हसून थेट 1966 पर्यंत मागे गेलात. त्या वर्षी उद्यान-मनोरंजनवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेत थेरपिस्टांची शाखा निघाली. ‘आपलं काम हे आरोग्यसेवेचं आहे’ म्हणणाऱ्यांनी 1984 मध्ये आत्रा ही स्वतंत्र संघटना काढली. चूल वेगळी झाली, पण भिंत एकच राहिली. हे कळल्यावर एखाद्या विद्यापीठात हा विभाग क्रीडा-पर्यटनाशेजारी का असतो आणि दुसरीकडे नर्सिंगशेजारी का, याचा उलगडा झाला.

खरा उपयोग झाला तो इंटर्नशिपच्या आकड्यांचा. कोआप्रटच्या मानकात किमान 400 तास आणि 10 आठवडे पुरतात. सीटीआरएस ही या थेरपिस्टांची व्यावसायिक पात्रता परीक्षा घेऊन देणारी संस्था एनसीटीआरसी मात्र सलग 14 आठवडे आणि 560 तास मागते, तेही सीटीआरएस असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली. म्हणजे विभाग मान्यताप्राप्त, पदवी हातात, आणि परीक्षेचा अर्ज मात्र अडलेला, असं होऊ शकतं. मान्यता अभ्यासक्रमाला मिळते, पात्रता माणसाला, आणि एनसीटीआरसी बघते ती ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे कुठले विषय शिकलात त्याचं गुणपत्रक. अभ्यासक्रमाला मान्यता असलीच पाहिजे अशी तिची अटही नाही. मी ज्या विभागांना फोन केले, तिथे हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नाही. एका ठिकाणी तर ‘आमची सगळी मुलं पास होतात’ एवढंच ऐकवलं.

मग तुम्ही तो तक्ता करायला लावलात. डाव्या बाजूला एनसीटीआरसीला लागणारे विषय, उजव्या बाजूला माझे. टीवायबीएचा ॲबनॉर्मल सायकॉलॉजीचा पेपर जुळला, मानवी विकासाचाही जुळला, पण शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राची जागा कोरी. मुंबईत सायकॉलॉजी करणाऱ्या कोणाचीही ती कोरीच असणार. थेरपीच्या विषयांत तुम्ही सगळ्यात आधी असेसमेंट, म्हणजे रुग्णाची तपासणी, शोधायला सांगितलंत. ‘हा विषय स्वतंत्र नसेल, दुसऱ्या कशात तरी कोंबलेला असेल, तर तिथे खेळ घ्यायला शिकवतील, थेरपी नाही,’ हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. पक्षाघातानंतर बागकाम सुटलेल्या आजोबांचं उदाहरण तुम्ही दिलंत: आधी हाताची पकड, तोल, एकाग्रता तपासायची, मग उद्दिष्ट ठरवायचं, मग कुंडी पुढ्यात ठेवायची, आणि काय साधलं ते फाइलमध्ये नोंदवायचं. एखाद्या अभ्यासक्रमात यातली कुंडीच तेवढी शिकवतात, असं तुमचं म्हणणं. जरा कडक आहे, पण खोटं नाही.

घरी मात्र अजून ‘म्हणजे ओटीच ना?’ हाच प्रश्न येतो. त्यांचाही दोष नाही. मूळच्या अमेरिकन कमला निंबकर यांनी 1950 मध्ये केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची (ओटीची) शाळा सुरू केली, त्यामुळे मुंबईकरांना ते नाव निदान ऐकून तरी माहीत. आईला सांगितलं, ओटीवाले आंघोळ, कपडे, कामधंदा यांकडे बघतात आणि आम्ही माणसाच्या मोकळ्या वेळाकडे. ती म्हणाली, ‘त्याचे पैसे देतात?’

देतात, आणि अमेरिकेतल्या काही राज्यांत परवानाही लागतो, जसं युटा, नॉर्थ कॅरोलायना, ओक्लाहोमा, न्यू हॅम्पशायर. नोकरी कुठे करायची हे आधी ठरव, मग विद्यापीठ निवड, हेही तुमचंच.

ताई, रविवारची तुमची झोप मी बरीच खाल्ली. त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या परवानगीने तो तक्ता पुढे दोघींना पाठवला आहे. त्यातली एक नागपूरची फिजिओथेरपिस्ट. तिची शरीररचना झाली आहे, पण एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर 560 तासांची इंटर्नशिप कशी बसवायची, यावर तिचं घोडं अडलंय. मी तिला तुमचा नंबर अजून दिलेला नाही. देऊ का, तेवढं कळवा.

तुमची,
तक्तावाली