गाठ काढली, पण निदान पूर्ण झाले का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

मेंदूच्या गाठींचा विषय निघाला की बोलणे एमआरआय यंत्रे आणि शस्त्रक्रियागृहांवर येऊन थांबते. यंत्रासमोर फीत तरी कापता येते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. काढलेल्या गाठीचा तुकडा पुढे जिथे जातो, त्या प्रयोगशाळेची आठवण करून द्यायला हे पत्र लिहीत आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन ग्लिओमा (मेंदूतल्या आधारपेशींसारख्या पेशींच्या गाठी) अगदी सारखे दिसू शकतात. एकात आयडीएच जनुक बदललेले असते आणि तो रुग्ण बहुधा कित्येक वर्षे जगतो. दुसऱ्यात ते बदललेले नसते, पेशी तितक्याशा भयंकर दिसत नाहीत, तरी टर्ट किंवा ईजीएफआर या जनुकांतले ठरावीक बदल सापडले तर प्रौढांमध्ये तो ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे अत्यंत आक्रमक ग्लिओमाच, धरला जातो. तिथे पूर्ण उपचार घेऊनही निम्मे रुग्ण साधारण सव्वा वर्षापलीकडे जात नाहीत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली जनुकीय तपासणी वर्गीकरणातच आणली आणि २०२१ मध्ये तिची व्याप्ती वाढवली. आज १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही भाग गळाल्याचे दिसल्याशिवाय ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या ग्लिओमाच्या दुसऱ्या प्रकाराचे निदान पक्के होत नाही.

चाचणी झालीच नसेल तर आम्ही नावापुढे ‘एनओएस’ (नॉट अदरवाइज स्पेसिफाइड, म्हणजे नेमका प्रकार ठरलेला नाही) लिहून मोकळे होतो. आम्ही मोकळे होतो. रेडिएशन, केमो ठरवणारा डॉक्टर मात्र अडकतो.

खर्चाची भीती दाखवली जाईल, पण प्रत्येक गाठीचे सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकांचे सविस्तर वाचन, करा असे मी म्हणतच नाही. ग्लिओमातल्या आयडीएच बदलांपैकी सुमारे ९० टक्के एका साध्या अँटिबॉडी स्टेनने, म्हणजे बदललेले प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या चाचणीने, कळतात. रुग्ण ५५ च्या पुढचा, चित्र नमुनेदार ग्लिओब्लास्टोमाचे आणि हा स्टेन निगेटिव्ह असेल, तर आयडीएचसाठी सहसा पुढे जावे लागत नाही. उरलेल्यांचे पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) विभागीय केंद्राकडे पाठवता येतात. ब्लॉक प्रवासात खराब होत नाही. तुकडा वेळेत, तो टिकवणाऱ्या योग्य फॉर्मालिन द्रावणात पडलेला असला म्हणजे झाले.

आणखी एक गोष्ट, जिला पैसाही लागत नाही. लिम्फोमाची (पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाची) शंका असताना बायोप्सीआधीच स्टेरॉइड दिले की गाठ तात्पुरती विरघळते आणि आमच्या हाती निरुपयोगी तुकडा येतो. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर बायोप्सीपर्यंत थांबा, एवढी सूचना आपल्या खात्याने सर्व रुग्णालयांना पाठवावी.

शस्त्रक्रियेला मंजुरी देताना या चाचण्यांचा खर्च त्याच मंजुरीत धरावा, ही मुख्य मागणी. आणि अहवालाला मुदत घालावी. ग्लिओब्लास्टोमात रेडिएशन साधारण तीन ते सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवे. त्यानंतर आलेला अहवाल फक्त फाइलला लागतो.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट