पहिल्या चाचणीवरून रक्तदात्याला घाबरवू नका

महोदय,

गेली बारा वर्षे आमच्या मंडळातर्फे गणेशोत्सवात रक्तदान शिबिर भरते. दोन वर्षांपूर्वी शिबिरानंतर आठवड्याभरात एका तरुण दात्याला रक्तकेंद्रातून फोन आला : ‘तुमच्या रक्तात एचआयव्ही निघाला आहे, येऊन भेटा.’ फोन पत्नीने उचलला होता. पुढचे अठरा दिवस ती माहेरी होती. शासकीय तपासणी केंद्रात पुन्हा रक्त तपासल्यावर अहवाल निर्दोष आला, तेव्हा कुठे ती परतली.

रक्तकेंद्रातील पहिली चाचणी मुद्दामच अतिसंवेदनशील ठेवलेली असते, कारण एकही दूषित पिशवी रुग्णापर्यंत जाता कामा नये. ती रिॲक्टिव्ह (म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारी) आली की पिशवी तत्काळ नष्ट करावी, याबद्दल दुमत नाही. परंतु पिशवी नाकारणे आणि माणसाला रोगी ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, दहा हजार दात्यांत दहा जणांना खरोखर संसर्ग आहे आणि चाचणी निरोगी माणसांपैकी 99.5 टक्क्यांना अचूक निरोगी ठरवते. तरीही सुमारे पन्नास निरोगी दाते रिॲक्टिव्ह दिसतील, म्हणजे असे फोन जाणाऱ्या दर सहा जणांपैकी पाच जणांना काहीही झालेले नसेल. म्हणूनच लक्षणे नसलेल्या व्यक्तीला एचआयव्हीबाधित ठरवण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या चाचण्या करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. हिपॅटायटिस सी या यकृताच्या संसर्गातही प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) आढळली तरी विषाणू शरीरात आहे की नाही, हे थेट विषाणूचा अंश शोधणाऱ्या आरएनए चाचणीनंतरच कळते.

दात्याला अंधारात ठेवा, असे माझे म्हणणे नाही. त्याने दरम्यान दुसरीकडे रक्तदान करू नये, हेही त्याला कळले पाहिजे. मात्र शक्य तिथे त्याच नमुन्यावर खात्री करून घ्यावी, आणि नवा नमुना लागणारच असेल, तर फोनवर आजाराचे नाव न घेता, दाता स्वतःच बोलतो आहे याची खातरजमा करून ‘तपासणी पुन्हा करायची आहे’ एवढेच सांगावे व बाकीचे समुपदेशकाने समोर बसवून समजावावे. एचआयव्हीविषयक माहिती गोपनीय राखण्याचे बंधन 2017 च्या कायद्यानेच घातले आहे.

दात्याचा पत्ता विचारायला आम्हा संयोजकांना येणारे फोनही कृपया बंद व्हावेत. कारण सांगितले नाही, तरी ते आम्हाला कळते, आणि शिबिराच्या टेबलावर बसलेल्या इतर चौघांनाही.

– एक शिबिर संयोजक, सातारा