नात्याच्या रकान्यात मी 'बहीण' लिहिणार नाही

प्रति,
मुख्य तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय: संयुक्त खातं उघडायला आणि नॉमिनेशनचा फॉर्म घ्यायला ठाण्यातल्या शाखेने दिलेला नकार, तसंच माझ्या खात्याची माहिती माझ्या आईला फोनवर सांगितल्याबद्दल.

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवा केंद्रातल्या माणसाने मला 17 मिनिटं फोनवर ताटकळत ठेवलं आणि शेवटी सांगितलं, "मॅडम, सेम सेक्स मॅरेज आपल्याकडे लीगल नाही, त्यामुळे होणार नाही." मी लग्नाबद्दल काही विचारलंच नव्हतं. माझा डीए-1 फॉर्म, म्हणजे ठेवीला नॉमिनी नेमायचा फॉर्म, शाखेने तिसऱ्यांदा परत का केला आणि पोच का दिली नाही, एवढंच मी विचारलं होतं. आता फोन पुरे झाले. लेखी देते आहे.

डीए-1 फॉर्म तुमच्याकडे रोज येतो. त्यात 'ठेवीदाराशी नाते' या रकान्यात 'असल्यास' असा शब्द आहे. म्हणजे नातं नसलेल्या माणसालाही नॉमिनी करता येतं. शेजारणीला करता येतं, जुन्या मैत्रिणीला करता येतं. मग जिच्यासोबत मी 11 वर्षं एका घरात राहते, तिचं नाव चालत नाही, ते का?

या मार्चमध्ये माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. अचानक ठरलं. दवाखान्याने संध्याकाळपर्यंत डिपॉझिट भरायला सांगितलं. पैसे होते, पण तुमच्या बँकेत, माझ्या एकटीच्या नावावर. माझी जोडीदार वाशीहून लोकलने धावत आली आणि वर्तकनगरात तीन घरांची दारं वाजवून तिने पैसे उभे केले. मी शुद्धीवर आले तेव्हा ती एका कागदावर कोणाचे किती ते लिहीत बसली होती. डिस्चार्ज मिळाल्यावर आम्ही ठरवलं की ही वेळ परत येऊ द्यायची नाही. दोघींचं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खातं, म्हणजे दोघींपैकी कोणीही चालवू शकेल आणि एक गेली तर दुसरीला मिळेल असं खातं, काढायचं आणि माझ्या तीन एफडींना तिचं नॉमिनेशन लावायचं. मृत्युपत्र वेगळं केलं आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे मला ठाऊक आहे. ते मला शाखेत दोनदा ऐकवायची गरज नव्हती.

आता शाखेत काय झालं ते सविस्तर सांगते, कारण कालपर्यंत प्रत्येकाने 'काहीतरी गैरसमज झाला असेल' म्हणून तो विषय उडवून लावला आहे.

शनिवार होता, टोकन नंबर 46. आम्ही दोघी काउंटरला बसलो होतो, मागे सात-आठ माणसं उभी होती. अधिकाऱ्यांनी फॉर्म वाचला, नात्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. मी तिथे 'जोडीदार' लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, "जोडीदार म्हणजे? बिझनेस पार्टनर?" मी म्हटलं, "नाही. आम्ही एकत्र राहतो." "रूममेट?" "नाही, जोडीदार." मग ते हसले. बाजूच्या टेबलावरच्या बाईंकडे बघून हसले. मग त्यांनी नवा कोरा फॉर्म काढला, खिशातली पेन्सिल घेतली आणि त्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'बहीण' लिहिलं. फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "यावरून पेन फिरवा. आडनावाचं काय, लग्नानंतर बदलतंच. कोण तपासतंय? तुमचं पण काम होईल, आमचं पण."

मी म्हटलं, "ही माझी बहीण नाही." ते म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला मदत करतोय." हे त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की मागची माणसं पुढे झुकली. माझी जोडीदार तोवर एक शब्द बोलली नव्हती. पंचेचाळीस वर्षांची बाई आहे, ऑफिसात वीस माणसं हाताखाली आहेत, आणि ती मान खाली घालून पर्सची चेन उघडबंद करत होती. तेवढं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी सही करायला नकार दिल्यावर त्यांनी खोडरबर घेऊन 'बहीण' पुसलं, कागद फाटला, तो चुरगळून टोपलीत टाकला आणि पुढचं टोकन पुकारलं. माझा मूळ फॉर्म परत दिला. पोच दिली नाही.

आमच्या नात्यासाठी खोटं लिहायचा सल्ला बँकेचा अधिकारी देतो, तोही काउंटरवर बसून. केवायसीच्या कागदावर मी खोटं लिहिलं असतं तर उद्या तुम्हीच मला नोटीस पाठवली असती.

आता कायद्याचं बोलते, कारण तुमची माणसं कायद्याचं नाव पुढे करतात आणि कायदा वाचत नाहीत. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी आमच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. विशेष विवाह कायदा, 1954 बदलणं हे संसदेचं काम आहे, असं सांगितलं. लग्न नाही तर निदान नागरी जोडीदारी (सिव्हिल युनियन) म्हणून आमच्या नात्याला कायदेशीर मान्यता द्यावी का, या मुद्द्यावरही तीन विरुद्ध दोन असा निकाल आमच्या विरोधात लागला. फेरविचाराच्या याचिकाही 9 जानेवारी 2025 ला फेटाळल्या गेल्या. त्या ऑक्टोबरच्या दिवशी आम्ही दोघींनी सुट्टी घेतली होती, टीव्हीसमोर बसलो होतो, आणि दुपारी जेवलो नाही. निकाल काय लागला, हे मला तुमच्या कॉल सेंटरने शिकवायचं नाही.

पण त्याच प्रकरणात केंद्र सरकारने न्यायालयात सांगितलं होतं की आमच्यासारख्या जोडप्यांच्या रोजच्या अडचणींसाठी समिती नेमू. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल 2024 मध्ये ती नेमली गेली. त्यानंतर रेशनकार्डावर आम्हाला एकाच कुटुंबातलं धरायचं, असं राज्यांना कळवलं गेलं. आणि 28 ऑगस्ट 2024 ला अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने जाहीर केलं की समलिंगी नात्यातल्या व्यक्तींनी संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतंही बंधन नाही. रिझर्व्ह बँकेने तसं स्पष्टीकरण सर्व शेड्यूल्ड व्यापारी बँकांना 21 ऑगस्ट 2024 ला पाठवलं होतं. तुमची बँक त्यातच येते. ते पत्र तुमच्या मुख्य कार्यालयात पोचलं आणि आमच्या शाखेपर्यंत आलं नाही, की शाखेत आलं आणि फाइलला लागून राहिलं, ते तुम्ही शोधा. मी छापून नेलेली प्रत अधिकाऱ्यांनी उलटून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, "हे नेटवरचं आहे."

आम्हाला लग्न मिळालं नाही. ते मिळावं म्हणून लोक लढतायत, आम्हीही त्यांच्या मागे उभ्या आहोत. तोवर आमच्या हातात राहतात ती अशी कागदं. एक खातं, एक नॉमिनेशन, एक मृत्युपत्र, रेशनकार्डावरचं एक नाव. लग्न झालेल्या बाईला यातलं बरंचसं एका दाखल्यावर मिळतं. आम्हाला एकेक कागद वेगळा मागावा लागतो, आणि जो मागायचा हक्क सरकारने कागदावर दिलाय, तोही तुम्ही पेन्सिलीने खोडता.

आणि हे सगळं झाल्यावर पुढच्याच सोमवारी तुमच्या शाखेतून माझ्या आईला फोन गेला. आईचं पेन्शन त्याच शाखेत येतं, नंबर तिथूनच घेतला असणार. "काकू, तुमची मुलगी एका बाईला नॉमिनी करतेय, तुम्हाला कल्पना आहे ना?" आईने विचारलं, कोणत्या बाईला? नाव ऐकल्यावर म्हणाली, "अहो ती घरातच आहे, कुकर लावतेय. तिला देऊ का फोन?" तिकडून फोन ठेवला गेला.

माझी आई 71 वर्षांची आहे. तिला समजून घ्यायला दोन वर्षं लागली, त्या दोन वर्षांत घरात फार रडणं झालं. आज ती आमच्यासोबत राहते म्हणून हा फोन असा संपला. ज्या मुलीच्या घरी अजून माहीत नाही, तिच्या आईला असा फोन गेला तर त्या रात्री त्या घरात काय होईल, याचा विचार करून मी दोन दिवस झोपले नाही. खातेदाराची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं कर्तव्य आहे. मी कोणाला नॉमिनी करते हे माझ्या आईलासुद्धा सांगायचा तुम्हाला अधिकार नव्हता.

2023 मध्ये न्यायालयात केंद्राने म्हटलं होतं की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. सरन्यायाधीश चंद्रचूडांनी आपल्या निकालात ते खोडून काढलं. मी चेंदणी कोळीवाड्यात वाढले. वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. पगाराच्या दिवशी ते मला सायकलवर पुढे बसवून तुमच्याच शाखेत यायचे, पासबुक छापून घ्यायचे आणि रांगेतल्या प्रत्येकाला म्हणायचे की आपला पैसा इथे सुरक्षित आहे. त्यांच्या विश्वासावर मी इतकी वर्षं खातं कुठे हलवलं नाही. आता हलवायची तयारी आहे, आईचं पेन्शन खातंसुद्धा.

संयुक्त खातं उघडून द्या. नॉमिनेशन नोंदवा आणि त्याची पोच द्या. लेखी पोच देणं नॉमिनेशनच्या नियमांनीच बंधनकारक आहे, हे पाचव्यांदा सांगते. माझ्या आईला फोन कोणी केला आणि कोणाच्या परवानगीने, ते लेखी कळवा. आणि त्या शनिवारी काउंटरवर बसलेल्या अधिकाऱ्यांनी माझी नव्हे, माझ्या जोडीदाराची माफी मागावी, तेवढ्याच आवाजात. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे, आणि त्यानंतर ग्राहक आयोगाकडे.

डीए-1 फॉर्म या पत्रासोबत पुन्हा जोडला आहे. नात्याच्या रकान्यात मी शाईने 'जोडीदार' लिहिलं आहे.

आपली खातेदार,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)