कपाटामागची भिंत

पुणे,
नाताळआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार

प्रिय आई-बाबा,
प्रभूच्या नावाने सलाम.

संगमनेरहून निघायची गाडी ठरवली आहे. 20 डिसेंबरला पहाटे 5 वाजता दारात येईल. उशीर झाला की चाकणला अडकायला होतं, म्हणून इतक्या लवकर. नारायणगावला उतरून चहा घ्या, बाबांचे पाय मोकळे होतील. खालची खोली तुमची. कमोड बसवून घेतला आहे, शेजारी धरायला दांडाही आहे. गरम पाणी कधीही मिळेल. ज्वारीची भाकरी दोन्ही वेळा, दुधात कुस्करता येईल अशी मऊ. आई, तुझी उशी मात्र घेऊन ये, दुसरीवर तुझी मान धरते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. दोनदा फोन लावला, पण बाबांचा आवाज ऐकला की पुढचं बोलवेना. नाताळच्या दिवशी मी विजूकाकांना जेवायला बोलावलं आहे. ते हो म्हणाले आहेत.

बाबा, रागावू नका. तुम्हाला न विचारता केलं, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि तुमचा शब्द मोडून जाणं मला जमलं नसतं. विहिरीचा वाद मी विसरले नाही. आजीच्या मातीच्या दिवशी काकू जे बोलल्या, ते माझ्यासमोरच बोलल्या. तुमच्यापेक्षा मीच ते जास्त धरून बसले होते. तुम्हाला कधी कळू दिलं नाही, एवढंच.

आगमनकाळाच्या आदल्या रविवारी शेजारच्या मावशी मला त्यांच्या कॅथलिक चर्चमध्ये घेऊन गेल्या. त्यांच्यात त्या दिवशी ख्रिस्त राजाचा सण असतो, पोप अकरावे पायस यांनी 1925 साली सुरू केलेला. मला वाटलं, राजाचा सण म्हणजे सिंहासनाचं, गौरवाचं काही वाचतील. वाचला लूकच्या शुभवर्तमानाचा 23वा अध्याय. वधस्तंभावरचा राजा, वर थट्टेने लावलेली पाटी, आणि शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराला तो म्हणतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. उद्या नाही, पुढे बघू नाही. आज. मरणाच्या वेदनेत ज्याला दुसऱ्याला जवळ घ्यायला सवड आहे, त्या राजाच्या स्वागताला मी काय घेऊन उभी राहणार, हे मनातून जाईना.

पुढच्या रविवारी पंचहौदच्या चर्चमध्ये उपासनेला गेले. वेदीवर जांभळं वस्त्र होतं, आगमनकाळाच्या चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांतली पहिली लावली. प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ इथपर्यंत आले आणि माझे ओठ थांबले.

बाबा, तुम्ही नाताळच्या आधी चुन्यात नीळ कालवून घर रंगवायचात, मी डबा धरायची. ते जड कपाट एकट्याने ओढून तुम्ही आधी मागची भिंत करायचात. आई म्हणायची, तिथे कोण बघतंय? तुम्ही म्हणायचात, “जो येणार आहे, तो.” माझ्या नाकावर चुना उडाला की तुम्ही बनियनच्या टोकाने पुसायचात. त्या बनियनचा वास मला अजून येतो. माझ्या कपाटामागे इतकी वर्षं विजूकाका आणि काकू होते. पुढच्या भिंतीवर मी नाताळचा तारा लावत होते, गीतं म्हणत होते.

मंगळवारी खडकीला गेले. काकांनीच दार उघडलं. दिसतं कमी आता; माझा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला, तो माझ्या खांद्यावर पडायच्या आधी हवेत चाचपडला. चहा स्वतः केला, बशीत अर्धा सांडला. काकू आतून आल्या आणि माझ्याजवळ नुसत्या बसून राहिल्या. मीच म्हटलं, काकू, मी मनात फार धरलं होतं, मला क्षमा करा. त्या रडल्या. विहिरीचा विषय कोणीच काढला नाही. काकांनी दोनच गोष्टी विचारल्या. दादाचा गुडघा कसा आहे? आणि वहिनी अजून करंजीला हातानेच मुरड घालतात का?

बाबा, त्या दिवशी तुम्ही काकांशी बोललंच पाहिजे असं मी म्हणत नाही. जेवणाआधीची प्रार्थना तेवढी तुम्ही करा, ती कायम तुम्हीच केली आहे. बाकी मनाला येईल तसं.

आणि ऐका. रक्तदाबाची गोळी सकाळी जेवणाच्या आधी, विसरायची नाही. थंडीत पहाटे बाहेर जाताना कानटोपी घालायची. स्टुलावर चढून तारा लावू नका, समोरच्या पोराला सांगा. गोळ्यांची चिठ्ठी आणि चष्मा हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. आई, तिकडे फराळाला लागू नकोस, कंबर धरेल. सारण इथे दोघी मिळून करू. कातण आणू नकोस.

तुमची,
सोनी